पारा नसलेला थेंब

भाचेसुनेच्या हातून थर्मामीटर निसटून फरशीवर फुटलं, तेव्हा आत्या बाहेरच्या खोलीत भाजी निवडत होती. ती तीस वर्षं इस्पितळात नर्स होती. काचेचा तो बारीकसा आवाज तिने भिंतीआडूनही ओळखला. सुनेला तिने बाजूला व्हायला सांगितलं, खिडक्या उघडल्या आणि हातमोजे, जाड कागद, टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसली. वॉर्डात पाऱ्याचे असे मणी तिने कितीदा तरी टिपले होते. कागदाची कड लागली की ते टुणकन पुढे पळत, कॉटखाली शिरले की घाम काढत.

हा थेंब मात्र पळेना. कागद लावताच चांदीचा रंग फासावा तसा तो फरशीवर पसरला. काचेच्या तुकड्यालाही चिकटून बसला.

दारात उभ्या सुनेचा चेहरा पडला होता. "आत्या, विषारी असतो ना पारा?"

"असतो. पण हा पारा नाही गं. पारा काचेला धरत नाही."

सुनेने कपाटातून खोकं शोधून आणलं. भिंग लावून आत्याने बारीक अक्षरं वाचली: गॅलियम, इंडियम, कथील. तीन धातू एकत्र वितळवून केलेला पातळ रस, पाऱ्याइतका धोक्याचा नाही. सुनेचा जीव भांड्यात पडला आणि तिने ओलं फडकं घेऊन फरशी पुसायला घेतली. आत्याच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. काचेला एवढा चिकटतो, तर नळीतून सरळ वरखाली होतो कसा?

तिने इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. त्याने आधी गुडघ्यांची चौकशी केली, मग उलगडून सांगितलं. नळीला आतून त्यातल्याच गॅलियमच्या ऑक्साइडचा पातळ थर देतात, त्यामुळे रस काचेला धरत नाही. आत्याने नळीचा तुकडा उजेडात धरून पाहिला. भोक केसाएवढं, थर काही दिसला नाही. तरीही ती बराच वेळ बघत राहिली.

"मग त्यात काय असतं?" सुनेने भिंतीवरच्या थर्मामीटरच्या लाल रेघेकडे बोट दाखवलं.

"रंग घातलेलं अल्कोहोल असावं. खोकं आहे का त्याचं?"

खोकं नव्हतं. सुनेने स्टूल ओढलं आणि ते थर्मामीटर खिळ्यावरून उतरवून आत्यापुढे धरलं.

"नुसतं बघायचं," आत्या भिंग पुसत म्हणाली. "फोडायचं नाही."