यंदाची मिरची

सूनबाई कामावरून आली तेव्हा तिच्या पायांचे नुसते तुकडे पडले होते. दिवसभर इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करायची आणि घरी आलं की परसातली बाग. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! बाग तिची नव्हतीच मुळी. वांगी, लसूण, मिरच्या, सगळा आबांचा संसार. पण सासऱ्यांचे गुडघे गेले आणि खुरपं सुनेच्या हातात आलं. नवरा ट्रकवर. घरी यायचा तो झोपायलाच.

आबांचे हुकूम खिडकीतल्या खुर्चीवरून सुटत. "अगं, गवत माजलंय तिकडे." "लसणाची पात पिवळी पडली, आता पाणी तोड." तिला त्यातला एकच हुकूम आवडे. मिरची धरली की झाड तहानलेलं ठेवायचं. "लाड केले की मिळमिळीत होते ती, माणसासारखीच," आबा म्हणत. तेवढीच एक बादली वाचायची. यंदा तर तिने मिरचीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, वाफ्याला भेगा पडल्या होत्या.

गेल्या वर्षीच्या तापाने आबांची चव आणि वास, दोन्ही नेलं. तेव्हापासून म्हातारा पुठ्ठा चघळावा तसा जेवायचा. उरला होता तो फक्त तिखटाचा जाळ. मिरची कचकन चावली की डोळ्यांत पाणी यायचं आणि त्या जोरावर चार घास खाली उतरायचे. "जीभ भाजतेय तोवर मी आहे म्हणायचं," ते हसून सांगत. सुनेला ते ऐकून हसू यायचं नाही. जुन्या मिरच्या संपल्यापासून त्यांचं जेवणच तुटलं होतं, आणि दोघंही नव्या तोड्याची वाट बघत होती.

आज पहिली मिरची लाल झाली होती. तिने ती धुऊन आबांच्या हातात दिली आणि समोर लसूण सोलत बसली. आबांनी अर्धी चावली. थांबले. पुन्हा चावली.

"ही कुठल्या वाफ्यातली गं?"

"कडेच्या. तुमच्याच बियाण्याची."

"काकडी खाल्ल्यासारखी लागतेय."

तिने उरलेला तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. आई गं! तिला ब्रह्मांड आठवलं. कान तापले, ओठ पेटले. ती ओरडणार होती, पण तिचं लक्ष आबांच्या चेहऱ्याकडे गेलं. चिडलेले आबा तिने शंभरदा पाहिले होते, घाबरलेले आज पहिल्यांदा पाहिले.

"माझंच चुकलं, आबा," ती कशीबशी म्हणाली. "झाडं सुकलेली बघवेनात. रोज पाणी घालत होते."

"घातलंस ना? मला वाटलंच!" आबांच्या अंगात जीव आला. "लाख वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी! अगं, मिरची आहे ती, जावई नव्हे!"

ती लसूण सोलत ऐकत राहिली. दमून आल्यावर बोलणी खाऊन बरं वाटण्याची तिची ही पहिलीच वेळ. फक्त डोळे काही केल्या थांबेनात.

"रडतेस कशाला? एवढं काही बोललो नाही मी."

"रडतेय कुठे? लसूण सोलतेय ना."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. कांदा असता तर खपलं असतं. लसूण सोलताना कोणाच्या डोळ्यांना धारा लागतात? आणि समोर बसलेला माणूस जन्मभर लसूण लावत आलेला.

आबांनी तिच्या सुजलेल्या ओठांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, भेगाळलेल्या वाफ्याकडे.

"खरंय," ते म्हणाले, "यंदाचा लसूण फार झोंबरा निघालाय."

तिने मान खाली घातली.

"वाढ आता. मिरची नको, तसंच जेवतो. आणि तूही बस माझ्याबरोबर, दमलीयस."