कोमट पाणी

“आज सकाळपासून हा नळ कुणी उघडलाय का?” लॅबच्या मोहिनीबाईंनी पुंजाला विचारलं.

उघडलाय का म्हणे! पहाटेपासून त्यानं वृद्धाश्रमातला हाती लागेल तो नळ आणि फवारा भडाभडा सोडून ठेवला होता. गच्चीवरची टाकी घासली होती, वर ब्लिचिंग पावडरही सढळ हातानं टाकली होती. लॅबच्या बाई पाणी तपासायला येणार म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? पाहुणे यायचे असले की आपण अंगण झाडतोच ना. घोटीकडच्या माणसाला एवढी रीत असतेच. पण रीत हे नुसतं निमित्त होतं. पुंजा मनातून पार घाबरला होता.

नाशिक रोडच्या त्या आश्रमात पंप, टाक्या, नळ असं सगळं पुंजाकडेच. गच्चीवर सोलर बसलं तेव्हा म्हाताऱ्या कोण हरखल्या होत्या! जन्मभर तांब्यानं अंघोळ केलेल्या बाया, फवाऱ्याखाली उभं राहणं म्हणजे त्यांना चैनच. मग एका सकाळी कढत पाण्यानं गोजराबाईंचा हात पोळला. ते पुंजाच्या जिवाला लागलं. त्यानं स्वतःच्या डोक्यानं गार पाण्याचा एक पाइप सोलरच्या टाकीला जोडला आणि पाणी सदा कोमट राहील अशी सोय केली. तेव्हापासून गोजराबाई येईल त्याला सांगायच्या, “माझ्या पोटचा मला एवढं जपत नाय.” पुंजा लाजायचा, पण ऐकायला थांबायचा.

त्या गोजराबाई मागच्या महिन्यात न्यूमोनियानं गेल्या. आता कुसाबाई दवाखान्यात होत्या, त्यांनाही तेच दुखणं. डॉक्टरांना पाण्याचा संशय आला, तसे सेक्रेटरीसाहेबांनी फवारे बंद करून लॅबला फोन लावला. रिपोर्ट चांगला आला की फवारे पुन्हा सुरू, असं म्हाताऱ्यांना सांगूनही टाकलं.

“पण बाई, हेच पाणी समदे पितात. कुणाचं पोट बी दुखलं नाय,” पुंजा म्हणाला.

“पिण्यानं नाही होत, पुंजाभाऊ. फवाऱ्याचे बारीक तुषार उडतात ना, ते श्वासातून छातीत जातात. लिजिओनेला म्हणतात या जंतूला. गार पाण्यात तो फारसा वाढत नाही, कढत पाण्यात मरतो. कोमट पाणी मात्र त्याला भारी मानवतं.”

बाई बाटलीचं झाकण उघडत होत्या.

“मग, उघडला नाही ना कुणी?”

“नाय,” पुंजा म्हणाला.

तेवढ्यात व्हरांड्यातून सगुणाबाईंनी हाक मारली. “पुंजा, झालं का रे तपासून? मंग उद्या फवारा चालू व्हईल ना?”

टॉवेल खांद्यावर टाकून म्हातारी आजच तयारीत बसली होती. पुंजाला तिच्याकडे बघवेना.

“थांबा बाई,” तो मोहिनीबाईंना म्हणाला. “उघडलाय. समदे नळ धुतलेत मी. पावडर बी टाकली.”

मोहिनीबाईंनी झाकण परत लावलं. त्या रागावल्या नाहीत, आणि ते पुंजाला जास्त लागलं. “धुतलेल्या नळात जंतू असला तरी सापडत नाही. न उघडलेला एकही नाही?” त्यांनी विचारलं.

एक होता. गोजराबाईंची खोली. त्या गेल्यापासून ती कुलपातच होती, आणि पहाटे सगळीकडे फिरलेल्या पुंजाचा त्या दाराशी पाय अडला होता. त्यानं किल्ली लावली. गादी गुंडाळलेली होती, खिडकीत फणी तशीच. बाईंनी न्हाणीतल्या फवाऱ्याचं पहिलंच पाणी बाटलीत धरलं.

“ते कोमट मी केलं,” पुंजा म्हणाला. “ते बी लिहा.”

“ते लिहायला फॉर्मात जागा नसते,” बाई हळूच म्हणाल्या.

रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. तोवर पुंजाला ना जेवण गोड लागलं ना झोप लागली. अखेर रिपोर्ट आला. जंतू सापडला होता. कुसाबाई बऱ्या होऊन परतल्या, कारण डॉक्टरांनी संशयावरूनच औषध बदललं होतं. सेक्रेटरीसाहेब पुंजाला एका शब्दानं बोलले नाहीत. गोजराबाईंच्या छातीत हेच होतं का, असं त्यानं डॉक्टरांना विचारलं. आता कुणालाच सांगता येणार नाही, असं ते म्हणाले, आणि खरंच होतं ते. कुणी हो म्हटलं असतं तरी पुंजाला बरं वाटलं असतं.

फवारे बंदच राहिले. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून बादल्या पोचवायचं काम पुंजानं मागून घेतलं. सगुणाबाईंच्या बादलीतून वाफा निघत होत्या.

“लय कढत हाय रे. जरा गार घाल की,” त्या म्हणाल्या.

पुंजानं गार पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि बादलीशी वाकून तसाच राहिला. सगुणाबाईंनी थोडी वाट पाहिली. मग त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि आपलं पाणी आपणच निववलं.