हिरवी आई, लाल आई

आमच्या घरात दोन आया आहेत असं खारू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि तिचं काही चूक नाही. माझ्या मोठ्या जावेला ती 'मोठी आई' म्हणते, मला नुसतं 'आई'. ते नुसतं 'आई' मला भरपूर पुरत होतं. यंदाचा धूर येईपर्यंत.

थंडीत शहरावर धूर दरवर्षी येतो नि जातो. यंदा तो उतरला आणि मुक्कामालाच राहिला. खिडकीची कड सकाळी पुसली की फडकं काळं, दुपारी पुसली की पुन्हा काळं. समोरची इमारत आधी फिकी झाली, मग दिसेनाशीच झाली. बालवाडी बंद पडली. खारू रात्रीची खोकायला लागली. घास गालात साठवून बसते म्हणून तिचं नाव खारू पडलं, पण त्या दिवसांत तिला गालात काही धरवेना. छाती अशी वाजायची की आत कुणी कागद चुरगाळतंय. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देतो, हवा तुम्ही बघा."

हवा जावेच्या खोलीत होती.

थोरल्या दिरांना धुळीची शिंक आहे, एकदा सुरू झाली की शेजारचे कान झाकून घेतात. म्हणून त्यांनी मागेच एअर प्युरिफायर घेऊन ठेवला होता. ते रात्रपाळीला जातात, मुलगा यंदाच शिकायला परगावी गेला, त्यामुळे वहिनींच्या पलंगावर जागाच जागा. नवरा वहिनी म्हणतो म्हणून मीही जावेला वहिनीच म्हणते.

"खारूला माझ्याकडे झोपव," वहिनी म्हणाल्या. "पोर निवांत श्वास तरी घेईल."

मी लगेच तिची उशी नेऊन दिली. तेव्हा मनात दुसरं काही आलंच नाही, इतकी घाबरले होते. मग खोकला उतरला, भीती उतरली, आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

त्या मशीनला वरच्या बाजूला एक गोल दिवा आहे. हवा चांगली असली की हिरवा, बिघडली की पिवळा, फारच बिघडली की लाल. लाल झाला की मशीन घुमायला लागतं. स्वयंपाकघरात कांदा जळला की लाल. कुणी बाहेरचं दार उघडं टाकलं की लाल. आणि मी खोलीत पाऊल टाकलं की लाल.

मी पडदे शिवायच्या कारखान्यात आहे. दिवसभर कापड, दोरे आणि त्यांतून उडणारा भुरा. घरी आले की आधी अंघोळ, धुतलेले कपडे, मानेला, गळ्याला पावडर, आणि मग खारू. ती अगदी तान्ही असल्यापासून माझ्या मानेत नाक खुपसून झोपायची, म्हणून पावडर मी कधी चुकवली नाही. अशी नटूनथटून मी लेकीकडे जायचे आणि दिवा माझ्याकडे बघून लाल व्हायचा.

"अगं, तुझ्या कारखान्यातला भुरा," वहिनी म्हणाल्या. "केसांत बसत असेल. अंघोळीने कुठला जायला तो?"

मी रोज केस धुवायला लागले. सर्दी झाली. दिवा लालच. दिवा लाल बघून खारू माझ्यापासून लांब सरकून बसायची, म्हणून मी आणखी थोडी पावडर लावायचे, निदान वासाने तरी जवळ येईल.

एक दिवस आम्ही सगळे जेवायला बसलेलो असताना खारू म्हणाली, "माझ्याकडे एक हिरवी आई आहे आणि एक लाल आई."

"लाल कोण?" तिच्या बाबाने विचारलं. हे विचारायची काही गरज होती का?

खारूने चमचा माझ्याकडे केला. सगळे हसले. दीर हसले, वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या, माझा नवरा तर ठसका लागेपर्यंत हसला. मीही हसले. हसताना दातच दिसतात, बाकीचं कुठे कुणाला दिसतं.

पण त्या दिवसापासून मला बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. खारूची बाहुली त्यांच्या पलंगावर. खारूचं दूध त्यांच्या पेल्यात. सकाळी वेणी घालायला गेले तर वेणी आधीच घातलेली, आणि माझ्यापेक्षा घट्ट. भिंतीपलीकडून गोष्टीचा आवाज यायचा. कान देऊन ऐकलं तर गोष्ट माझीच, पण शेवट वेगळा. माझ्या गोष्टीतला उंदीर घरी परत येतो. त्यांचा उंदीर कपाटामागेच राहून मजा करायचा.

"आपणही मशीन घेऊया," मी नवऱ्याला म्हटलं.

"घरात आहे की एक."

"त्यांच्या खोलीत आहे. माझ्या खोलीत नाही."

त्याने चपला घातल्या. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर कधी बोलायचं नसतं ते त्याला कळतं.

दुकानात ही झुंबड. लोक तोंडाला मास्क लावून एकमेकांना ढकलत होते, आणि मास्कच्या आतून भांडण नीट करता येत नसल्याने सगळेच हातवारे करत होते. विक्रेत्याने आम्हाला विचारलं, "खोली केवढी आहे तुमची?"

"माझ्या जावेकडे आहे त्याच्यापेक्षा मोठं दाखवा," मी म्हटलं.

विक्रेत्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. मग तो माणूस आत गेला आणि कमरेएवढं उंच धूड घेऊन आला. "हे दिवाणखान्यासाठी असतं, ताई. लहान खोलीला जास्त होईल."

"असू दे जास्त."

"छान," नवरा म्हणाला. "खोलीत हे राहील, आपण जिन्यात झोपू."

तरी घेतलं. त्याने पाठीवर घेऊन आणलं, मी मागून दारं उघडत आले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. "केवढं गं हे," म्हणाल्या. एवढंच. पण हात पुसून कोरडे झाले तरी त्या पुसतच राहिल्या, आणि मला इतकं बरं वाटलं की मलाच कसंसं झालं.

संध्याकाळी मशीन पलंगाशी लावलं. दिवा हिरवागार. मी नवी चादर घातली, अंघोळ केली, नवा गाऊन घातला, पावडर लावली, आणि खारूला कडेवर घेऊन खोलीत आले. पलंगावर टेकले न टेकले तोच दिवा पिवळा झाला, मग लाल. आणि हे मशीन मोठं, त्याचं घुमणंही मोठं. विमान उतरावं तसं. खारूने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"त्याला तुझी सवय व्हायची असेल," नवरा म्हणाला. "मलाही वेळ लागला होता."

मला हसू आलं नाही. खारू रडायलाच लागली. "मला हिरव्या आईकडे जायचंय." आणि मी दार उघडलं तर वहिनी समोरच, हात पुढे करून. इतक्या पटकन त्या त्यांच्या खोलीतून येणं शक्यच नव्हतं. दाराबाहेरच उभ्या असणार. खारू त्यांच्या खांद्यावर गेली आणि तिथे गप्प झाली. मी रिकाम्या खोलीत, जगातल्या सगळ्यात शुद्ध हवेत, एकटी बसून राहिले.

त्यानंतर मी कारखान्यात पडद्याच्या चुण्या चुकीच्या घालू लागले. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "घरी कोण आजारी आहे का?" मी म्हटलं, "नाही, सगळे बरे आहेत." तेच तर दुखणं होतं.

मग एका दुपारी वहिनींचा फोन आला. "खारूला ठसका लागलाय, थांबतच नाही. येतेस?"

मी होते तशी निघाले. गळ्यात मोजपट्टी, केसांत दोरे, अंगभर भुरा. घरात शिरले ती थेट वहिनींच्या खोलीत, आणि खारूला उचलून उभी धरली, पाठ थोपटत. तिला एक उलटी झाली, माझ्याच खांद्यावर, आणि मग श्वास मोकळा झाला. ती माझ्या गळ्याला मिठी मारून हुंदके देत होती. हुंदके थांबल्यावर खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "आई हिरवी."

मी वळून पाहिलं. माझ्या बाहीवरचे दोरे मशीनच्या वाऱ्याने हलत होते. दिवा हिरवा होता. अगदी हिरवा.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या दिव्याकडे बघत होत्या, मग खिडकीबाहेर बघायला लागल्या. खिडकीबाहेर धुराशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

खारू झोपल्यावर मी अंघोळ केली आणि सवयीने पावडरचा डबा उचलला. हातावर उलटा केला आणि थांबले. ट्यूबच्या उजेडात एक पांढरा ढग माझ्यापुढे तरंगत होता. आजवर तो मी कधी पाहिलाच नव्हता. डबा घेऊन मी आमच्या खोलीतल्या धुडासमोर गेले आणि नुसती टिचकी मारली. विमान उतरलं.

वहिनी स्वयंपाकघरात खारूचे कपडे घड्या करत होत्या. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी फ्रॉकची बाही सरळ केली. पुन्हा सरळ केली. "सुरुवातीला खरंच भुरा वाटला होता गं. मग एकदा मीच पावडर लावली, तेव्हा कळलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू तिला घेऊन गेली असतीस."

"माझी आहे ती. नेणारच."

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "म्हणूनच नाही सांगितलं."

मला राग आला. चांगला आला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रोज धुतलेले ते केस आठवले, ती सर्दी आठवली. पण त्या इतक्या सरळ बोलल्या होत्या की मी डबा उचलून त्याचं झाकण घट्ट लावत बसले. इतके दिवस मी त्यांच्यावर जळत होते. त्या माझ्यावर जळत असतील हे डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याकडे कुणी जळावं असं काही आहे, हेच मी विसरले होते.

"आजपासून माझ्याकडे झोपेल," मी म्हटलं.

"झोपू दे," त्या म्हणाल्या. उशी त्यांनीच आणून दिली. अभ्रा नवा घातलेला होता.

खारू माझ्या कुशीत आली. मानेला पावडर नव्हती, नुसती मी होते. तिने नाक खुपसून पाहिलं, जरा विचार केला, आणि तशीच झोपली. दिवा हिरवा. नवरा कडेला अंग चोरून, निम्मा पलंगाबाहेर, तरी खूश. मी गोष्ट सांगितली नव्हती, ती राहूनच गेली. तिचे केस हुंगत पडून राहिले आणि मनात म्हटलं, जिंकले बाई एकदाची.

उजाडताना ती जागी झाली. डोळेही न उघडता म्हणाली, "मोठी आई कुठाय?"

वाटलं, ऐकू आलं नाही असं करावं, थोपटून पुन्हा झोपवावी. थोपटलंही. पण ती उठून बसली आणि दाराकडे बघायला लागली. रडत नव्हती. नुसती वाट बघत होती. ती रडली असती तर मी कदाचित नेलं नसतं.

मी तिला कडेवर घेऊन वहिनींच्या खोलीशी गेले. दार लोटलेलं होतं. वहिनी पलंगावर उठून बसलेल्या होत्या, केस विंचरलेले, जणू कधीच्या जाग्या. आम्हाला बघून त्यांनी भिंतीकडे सरकून जागा केली, दोघींना पुरेल एवढी.

"पाचच मिनिटं," मी म्हटलं.

"बरं."

मी दारातूनच खारूला सोडून जाऊ शकले असते. चहा टाकायचा होता, डबा व्हायचा होता, कारखाना होता. पण मी आत गेले आणि बसले, आणि बसले तीही मधोमध, वहिनींच्या आणि खारूच्या. वहिनींच्या ओठांच्या कडेला हसू आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

खारूला असल्या हद्दी कळत नाहीत. ती माझ्या मांडीवरून रांगत पलीकडे गेली आणि वहिनींच्या कुशीत डोकं घालून पडली. एक पाय मात्र माझ्या मांडीवरच राहिला. मी तो दोन्ही हातांनी धरून बसले.