चूलदेवाचा श्वास आणि आ-शेंगचा डोळा

सु-चिन वहिनींच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कीलुंग बंदराच्या आमच्या गल्लीतले निम्मे लोक आत, उरलेले बाहेर पावसात, खिडकीला नाकं चिकटवून. सगळ्यांचे डोळे मोरीच्या तोंडावर. पिवळा झगा घातलेले हुंग गुरुजी तिच्यासमोर घंटा बडवत होते.

"वर्ष सरत आलं! चूलदेव तुमच्या चहाड्या सांगायला स्वर्गात निघालेत, आणि तुम्ही त्यांच्या वाटेत चरबी साठवता? बघा आता, देव श्वास सोडतील. विस्तवाशिवाय पाणी उकळेल!"

त्यांनी एक लाल पुडी मोरीत रिकामी केली, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि मंत्र सुरू केला. बघता बघता मोरी खदखदायला लागली. वाफेचा लोट छताला भिडला. बायकांनी हात जोडले.

"गार पाणी हो! मी स्वतः नळातून भरलं," सु-चिन वहिनी ज्याला त्याला सांगत होत्या. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

मी जन्मभर बस हाकली. विस्तवाशिवाय निघणारी वाफ दिसली की मला आधी बिघाड आठवतो. मी म्हणालो, "गुरुजी, देवाच्या श्वासाला एवढा उग्र वास? दात घासत नाहीत वाटतं?"

लोक हसले. वहिनींनी मात्र माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी निमूट बाहेर पडलो.

वहिनी आणि त्यांचा नवरा आ-शेंग घराच्या पुढच्या खोलीत डुकराच्या मटणाचा भात विकतात. त्या भांड्यांची सगळी चरबी रोज त्याच मोरीत जाते. ती तुंबणार नाही तर काय होणार? पण वर्षअखेरीला आमच्याकडे 'तुंबलं', 'फुटलं', 'संपलं' असे शब्द कुणी तोंडातून काढत नाही, अशुभ मानतात. हुंग गुरुजींना ही रीत बरोबर ठाऊक. जाताना त्यांनी वहिनींच्या हातावर आणखी पुड्या ठेवल्या.

"पाणी पुन्हा अडलं तर पुडी स्वतः सोडा. पण मोकळं वाहीपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. बोललात, तर देव उलटतील!"

पाणी पुन्हा अडलंच. वहिनींनी गुपचूप उरलेल्या पुड्या मोरीत सोडल्या आणि देवळात उदबत्ती लावायला गेल्या. मोरी उकळून शांत झाली, तरी पाणी काही उतरलं नाही. आ-शेंग भांडी घासायला आत आला. त्यानं साचलेलं पाणी पाहिलं, संडास धुवायची ॲसिडची बाटली आणली आणि अख्खी ओतली.

त्याची किंकाळी मला माझ्या घरात ऐकू आली. मी पोचलो तेव्हा शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, वरच्या मजल्यावरच्या लियाओ बाई त्याचं डोकं न्हाणीतल्या नळाखाली धरून होत्या.

"काका, पापण्या उघड्या धरा! तेल नको, अंगारा नको, नुसतं पाणी!"

रुग्णवाहिका येईपर्यंत आम्ही पाणी सोडत राहिलो. उजवा डोळा वाचला. डाव्यानं त्याला आता फक्त उजेड कळतो.

हुंग गुरुजींनी वहिनींना इस्पितळाच्या दारातच गाठलं. "तू बोललीस!"

"नाही हो... देवळात मनातल्या मनात म्हणाले होते, पाणी जाऊ दे म्हणून. ओठ हलले असतील."

"हललेच! आता देवळात मोठी शांती करावी लागेल."

त्या दिवसापासून वहिनींचं जेवण सुटलं. "माझ्या ओठांनी त्यांचा डोळा खाल्ला," एवढंच त्या म्हणत. ऐकवत नव्हतं.

शांतीच्या दिवशी देवळाच्या अंगणात पुन्हा तीच गर्दी जमली. गुरुजींनी घंटा उचलली, तेवढ्यात लियाओ बाई पुढे झाल्या. डोळ्यांवर चष्मा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. त्यांनी लोकांना पार भिंतीपर्यंत मागे सारलं आणि मधोमध मातीचं मडकं ठेवलं.

"रिकाम्या पुडीच्या घडीत थोडी भुकटी उरली होती. त्यात चंदेरी कण दिसले. मी तेच बाजारातून आणलंय. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचा कीस."

"मंत्राशिवाय काही होणार नाही!" गुरुजी ओरडले.

"मंत्र काका म्हणतील," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मडक्यात गार पाणी ओतलं.

मला मंत्र कुठले यायला! मी हात जोडून माझ्या बसचे थांबे म्हणायला लागलो. "बंदर, मासळी बाजार, जुना पूल, इस्पितळ..." इस्पितळ येईतो मडकं खदखदायला लागलं. तीच वाफ, तोच वास.

"देव बसनं आले!" एक पोरगी किंचाळली आणि सगळं अंगण हसलं.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "हा सोडा कातडी जाळतो, डोळा घालवतो. चरबीशी मिळून त्याचा साबण होतो, आणि तो खाली गार पडून घट्ट बसतो. म्हणून तर गुरुजींना पुन्हा बोलवावं लागतं. त्यावर ॲसिड ओतलं की सगळं उसळून तोंडावर येतं. घरी हा प्रयोग कुणी करायचा नाही."

गुरुजी मागच्या दारानं सटकत होते. मासळीवाल्या बायकांनी त्यांचा झगा धरून ठेवला.

वहिनी हळूच पुढे आल्या. "म्हणजे देव उलटले नाहीत?"

"नाही, काकू."

"माझे ओठ हलले म्हणून नाही झालं?"

"मुळीच नाही."

मला वाटलं, वहिनी सुटल्या एकदाच्या. पण त्यांचा चेहरा आणखीच उतरला.

"मग मी ह्यांना सांगून गेले असते, की अहो, मोरीत औषध आहे... तर?"

लियाओ बाईंनी मान खाली घातली.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांच्या दारी जाऊन गोड गोड बोलतो. यंदा सु-चिन वहिनी दारोदार एकच बोलत फिरल्या. "तुमची मोरी तुंबली तर कढत पाणी ओता, तार घाला, रबरी पंप मारा. चरबी डब्यात काढा. पुडी नको, ॲसिड नको. आधीच काही ओतलं असेल, तर घरातल्या सगळ्यांना ओरडून सांगा!"

"अहो, सणाच्या दिवशी काय हे अभद्र!" कुणीतरी दार लावलं. वहिनी पुढच्या दारी गेल्या. त्यांच्यामागे आ-शेंग छत्री धरून, मान जरा वळवून चालत होता. चांगला डोळा रस्त्याकडे ठेवावा लागतो त्याला.

मंडळी, देव मानायचा तर माना. पण जे औषध घरच्यांपासून लपवून वापरायला सांगतात, ते उंबऱ्याच्या आत घेऊ नका.