जमालच्या कॉलरवरचा बिल्ला

मी एक बिल्ला बोलतोय. नाव आणि फोटो असतो, तसला नव्हे. अंगठ्याएवढी डबी, अंगाला बारीक भोकं आणि पोटात करवंटीच्या कोळशाची काळी पूड. हवेत बेंझिन असलं की माझा कोळसा ते ओढून घेतो. संध्याकाळी माझं पोट तपासलं की कळतं, ज्याच्या कॉलरला मी होतो त्या माणसाने दिवसभरात किती बेंझिन श्वासातून घेतलं.

बेंझिन कच्च्या तेलात असतं. त्याचा वास गोडसर. नाकाला सवय झाली की तोही जाणवत नाही. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथे ते पोचतं आणि सावकाश बिघाड करतं. हे कळेपर्यंत कितीतरी कामगारांचे जीव गेले. थोडं थोडं बेंझिनसुद्धा किती अपाय करतं, याचा अभ्यास करायला संशोधक श्वेतामॅडम आम्हां बिल्ल्यांचा डबा घेऊन मस्कतहून ओमानमधल्याच दुक्म बंदरात आल्या.

तिथे तेलाच्या टाक्यांचा गाळ काढणारी टोळी होती. त्यातल्या रत्नागिरीच्या जमालच्या वाट्याला मी आलो. मॅडमनी सांगितलं, आत करवंटीचा कोळसा आहे, कॉलरजवळ टोचा आणि सांभाळून वापरा.

"करवंटीचा कोळसा?" जमाल हसला. "म्हणजे हा आमच्या गावाकडचाच की, मॅडम."

जमालला वस्तू मळलेली खपत नसे. खोलीतल्या टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, पासपोर्ट प्लास्टिकमध्ये, बायकोसाठी, सफियासाठी, घेतलेलं घड्याळही प्लास्टिकमध्ये. टाकीतला तो काळा गाळ पाहून त्याने मलाही पातळ पिशवीत गुंडाळलं, वर रबर लावलं आणि मग कॉलरला टोचलं.

"आता फ्रीजमध्ये पण ठेव त्याला," त्याचा जोडीदार यूनुस म्हणाला. यूनुसचा बिल्ला उघडाच होता, गाळाने बरबटलेला.

बिल्ला झाकायचा नसतो, हे मॅडम सांगायच्या राहिल्या होत्या. ते सांगावं लागेल असं त्यांच्या मनातही आलं नसावं.

टाकीत उकाडा असा, की माणसं मास्क वर सरकवून दम घेत. जमालची छाती भात्यासारखी हलायची. मी मात्र पिशवीत कोंडलेला. संध्याकाळी तो पिशवी काढायचा, मला रुमालाने पुसायचा आणि लखलखीत परत द्यायचा. मॅडम पोटातली पूड बदलून मला पुन्हा पाठवायच्या.

यूनुसच्या बिल्ल्याचा आकडा मोठा आला. त्याला बाहेरच्या कामावर लावलं. फोरमन भानुदास मनाने वाईट नव्हता. तो जमालला म्हणाला, "तुझा बिल्ला दर वेळी कोरा येतो रे. यल्ला, चल, आत तूच उतर."

जमालला त्याचा अभिमान वाटला. फोनवर त्याने सफियाला ते आवर्जून सांगितलं.

दोनेक वर्षांनी त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. अंगावर निळे डाग उठले. अभ्यासासाठी घेतलेल्या रक्तात पेशी घटल्या होत्या. पण बिल्ला कोरा, म्हणजे दुखणं कामामुळे नाही, असं कंपनीच्या डॉक्टरांनी ठरवलं. उष्णतेचं असेल म्हणाले, टॉनिक दिलं. जमाल पुन्हा टाकीत उतरला आणि एके दिवशी शिडीवरच कोसळला.

मस्कतच्या इस्पितळात श्वेतामॅडम त्याला भेटायला आल्या. मी त्यांच्या पर्समध्ये होतो. रक्ताचा कर्करोग निघाला होता आणि आकडे जुळत नव्हते. त्यांनी मला बाहेर काढलं, तसा जमालचा चेहरा उजळला.

"बघा मॅडम, एक डाग पडू दिला नाही. रोज प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्यायचो."

मॅडमनी त्याचा हात हातात घेतला.

"चूक झाली का काही?" त्याने विचारलं.

"माझी झाली, जमालभाई," त्या म्हणाल्या.

बिल्ला झाकलेला होता आणि दुखणं टाकीतल्या बेंझिनचंच आहे, हे इस्पितळाला आणि कंपनीला त्यांनी लिहून कळवलं. भानुदासने त्यानंतर कोऱ्या बिल्ल्यावर कुणाला आत उतरवलं नाही. पण जमालसाठी फार उशीर झाला होता. तो घरी गेला, सफियाच्या हातचं थोडं जेवला आणि महिनाभरात गेला. अभ्यासातून त्याच्या नावापुढचं शून्य काढून टाकलं. त्या जागी काय लिहायचं, ते कुणालाच ठाऊक नाही. त्याने किती विष ओढलं याचा हिशेब फक्त त्याच्या हाडांत होता. तो त्याच्याबरोबर मातीत गेला.

आता मला कामावर नेत नाहीत. मॅडमनी मला त्याच पिशवीत, त्याच रबरात ठेवलंय. नवी टोळी आली की त्या मला सगळ्यांसमोर उलगडतात आणि जमालची गोष्ट सांगतात. मला त्यांच्याशी बोलता आलं असतं तर एवढंच म्हणालो असतो: बाबांनो, मला उघडं ठेवा, बरबटू द्या. मी मळायलाच जन्मलोय. जपायचं होतं ते जमालला.