रिकाम्या वाटीतला थेंब

दर शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास पोहण्याच्या तलावामागच्या सभागृहाबाहेर बाबागाड्यांची रांग लागायची. आत साठ-सत्तर आया बसलेल्या असत. कुणाच्या मांडीवर तान्हं, कुणाच्या खांद्यावर पेंगणारं, आणि प्रत्येकीच्या हातात एक छोटी बाटली. बाटलीत घरून काढून आणलेलं स्वतःचं दूध. समोर टेबलावर चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या मांडलेल्या, आणि वाट्यांमागे माई.

माईंचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. आवाज असा मऊ, की रडकं पोरही दोन मिनिटं विचारात पडावं. "लेकींनो, मी डॉक्टर नाही," अशी त्या सुरुवात करत, आणि पुढचा तासभर डॉक्टरांनाच अक्कल शिकवत.

मग चमत्कार सुरू व्हायचा. नव्या आईला पुढे बोलावलं जाई. माई एक ओलं फडकं घेऊन वाटी आतून नीट पुसत, सगळ्यांना फिरवून दाखवत. "बघून घ्या. माईकडे लपवाछपवी नाही." वाटीत त्या बाईच्या दुधाचे पाच-सात थेंब पडत, त्यावर माईंच्या कुपीतले तपकिरी 'साक्षीचे थेंब', आणि पाहता पाहता दूध निळंकाळं होई.

"काल काय खाल्लंस, बाळा?"

"पाव. थोडा भात."

"आणि तेच लेकराला पाजलंस." माई वाटी उचलून धरत. रागावत नसत, हेच त्यांचं कसब. ती बाई तिथेच रडायला लागे.

लगेच जुन्या शिष्यिणीची पाळी. हिनं पाव, भात, बटाटा, डाळी, फळं, साखर सगळं सोडलेलं. अंडी, मांस, लोणी, पालेभाजी आणि दाराशी विकायला ठेवलेली माईंची भुकटी, एवढ्यावर ती राहिलेली. तिची वाटी पुसली जाई, तेच थेंब पडत, आणि दूध निळं होण्याऐवजी पिवळसर चमके. "सोनं झालं गं तुझ्या दुधाचं," माई म्हणत. मग टाळ्या.

तिसऱ्या रांगेत दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर दोन महिन्यांची मुलगी होती, दोन्ही गालांवर लाल पुरळ उठलेलं. मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही करू नका, आपोआप जाईल, थोडी वाट बघा. पण नुसतं वाट बघणं कुणालाच औषध वाटत नाही. धाकटी रात्रंदिवस त्या गालांकडे बघून कुढत होती. थोरली आपली सोबतीला आली होती.

थोरलीची नोकरी कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर. एकोणीस वर्षं. विणताना धागा तुटू नये म्हणून सुताला पिठाची खळ देतात. रंगवण्याआधी ती खळ पुरती धुऊन काढावी लागते, नाहीतर रंगाचे डाग पडतात. खळ गेली की राहिली, हे बघायला थोरली कापडाचा तुकडा वाटीत ठेवून त्यावर आयोडीनचा थेंब टाकायची. निळा पडला की गठ्ठा परत धुवायला. पिवळा राहिला की पुढे. तिनं एकदा मान हलवली की कारखान्यात पुढे कुणी ब्र काढत नसे, आणि धाकटीला तर लहानपणापासून तिचा शब्द शेवटचा.

साक्षीच्या थेंबांचा वास तिनं तिसऱ्या रांगेतूनच ओळखला होता. बाहेर आल्यावर बाबागाडीचा पट्टा लावता लावता धाकटीनं विचारलं, "ताई, हे खरं असतं का गं?"

थोरलीनं नेहमीच्या गांभीर्यानं उत्तर दिलं. "ते आयोडीन आहे. माझ्या रोजच्या हाताखालचं. पीठ असेल तिथेच ते निळं पडतं. दूध निळं पडलं म्हणजे त्यात पीठ उतरलंय. यात फसवणूक नाही."

झालं. माईंच्या साठ टाळ्यांपेक्षा ताईचं ते एक वाक्य भारी पडलं. अर्धवट माहितीसारखी दुसरी खात्री नाही, आणि ती जाणत्या माणसाच्या तोंडून आली की मग बघायलाच नको.

धाकटीचा नवरा पाववाला होता. पहाटे भट्टीवर जाणारा, दुपारी गरम पाव घेऊन घरी येणारा. याच पावावर त्यांचं लग्न जमलं होतं असं तो थट्टेनं म्हणायचा, कारण धाकटी त्याच्या दुकानात रोज एकच पाव घ्यायला येई आणि अर्धा तास लावी. आता तो घरात शिरला की ती खिडकी उघडू लागली. त्यानं दारातच अंगरखा बदलायला सुरुवात केली. एकदा तो थोरलीला चाचरत म्हणाला, "ताई, पाजणाऱ्या बाईनं इतकं कमी खाऊन चालतं का हो?" थोरलीनं त्याला आयोडीन आणि पीठ समजावून सांगितलं. आयोडीनपुढे पाववाल्यानं काय बोलावं?

तिसऱ्या आठवड्यात धाकटीच्या दुधाचं सोनं झालं. ती टेबलाजवळून परत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. गालाची हाडं वर आली होती, आणि शेजारणी त्याचंही कौतुक करत होत्या. दोन बाळंतपणं झालेल्या एका बाईनं तर तिला कपडे कुठून घेतेस ते विचारलं.

पाचव्या आठवड्यात तिला उलट्या सुरू झाल्या. साधंच पोट बिघडलं असावं, गल्लीत बऱ्याच जणांचं बिघडलं होतं. त्यांचं दोन दिवसांत सावरलं. ही सावरली नाही. जिना चढली तरी धापा टाकायची, आणि मग न चढताही टाकू लागली. पाजणं मात्र सोडलं नाही. पाववाल्यानं माईंना फोन लावला. माई म्हणाल्या, विष बाहेर पडतंय, घाबरू नका, पाणी द्या आणि लोणी चाटवा. श्वासाला गोड वास येतोय का? येतोय ना, मग शुद्धी झाली.

वास खरंच येत होता. रविवारी दुपारी थोरली तिच्या उशाशी वाकली तेव्हा तिला तो आला, पिकून गेलेल्या फळासारखा, नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा.

"माई म्हणाल्या होत्या, असा वास येतो," धाकटी म्हणाली. एवढं बोलायला तिला तीनदा श्वास घ्यावा लागला. "पुरळ कमी दिसतंय ना गं ताई?"

थोरलीनं तडक गाडी बोलावली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि नळ्या लावल्या. धावपळ संध्याकाळपर्यंत चालली. रक्त आंबून गेलं होतं आणि हृदयाचे ठोके चुकत होते. सोमवारी सकाळी, नळीतून साखरेचं पाणी चालू असताना, धाकटी गेली. एकोणतीस वर्षांची होती.

डॉक्टरीणबाई थोरली आणि पाववाल्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांचे डोळेही लाल होते. त्या म्हणाल्या, "आईच्या दुधात साखर असतेच. आईनं खाल्लं नाही, तरी शरीर ती रोज बनवून बाळाला देतं. त्यांनी धान्य, फळं सगळंच बंद केलं होतं, त्यात उलट्या. मग शरीर नुसती चरबी जाळत सुटलं, आणि त्याचं आम्ल रक्तात साठलं. गोड वास त्याचाच. सगळ्यांचं असं होत नाही. पण पाजणाऱ्या बाईचं होऊ शकतं, आणि झपाट्यानं होतं."

"दोन दिवस आधी आणलं असतं तर?" पाववाल्यानं विचारलं.

त्या म्हणाल्या, "बहुतेक वाचल्या असत्या. साखरेचं पाणी आणि जेवण, एवढंच लागतं."

थोरलीनं खाली मान घालून विचारलं, "पण दुधात पीठ उतरत होतं, ते?"

"पीठ दुधात उतरत नाही हो. ते पोटातच विरघळून जातं. कुणी सांगितलं तुम्हाला असं?"

सांगणारी थोरलीच होती.

दहा-बारा दिवसांनी ती कामावर गेली. टेबलाशी दुसऱ्या पाळीची तपासनीस उभी होती, तिच्याच वयाची, नुकतीच बदलून आलेली. तिनं चाचणीची वाटी उचलली आणि फडक्यानं पुसायला घेतली. थोरलीच्या तोंडून सवयीनं निघालं, "फडकं नको लावू, फडक्यालाच खळ असते. आणि थेंब आधी रिकाम्या वाटीत..."

वाक्य तिथेच तुटलं. एकोणीस वर्षं ती हा धडा नव्या माणसांना देत आली होती. वाटी धुवा, पुसू नका. आधी रिकामी तपासा, मग माल तपासा. आणि माई तिच्या डोळ्यांदेखत, वाटी फिरवून फिरवून, दर वेळी फडक्यानं पुसत होत्या. टेबलावर फडकी दोन असायची. एक नव्या आयांचं, एक जुन्यांचं. सगळं दिसत होतं. बघितलं नव्हतं ते फक्त तिनं.

ती तशीच धाकटीच्या घरी गेली, पिशवीत आयोडीनची बाटली आणि काचेची वाटी घेऊन. पाववाल्याला तिनं विचारलं, धाकटीनं काढून ठेवलेलं दूध काही उरलंय का. त्यानं बर्फाच्या कप्प्यातून दोन बाटल्या काढल्या. वर धाकटीच्या अक्षरात तारखा होत्या, माईंकडे जायच्या आधीच्या, रोज पाव खाण्याच्या दिवसांतल्या. विषारी म्हणून तिनं त्या बाजूला सारल्या होत्या, पण ओतून द्यायला तिचा जीव झाला नव्हता.

थोरलीनं वाटी धुऊन उलटी घालून वाळवली. आधी रिकाम्या वाटीत थेंब टाकला. पिवळा. वाटी पुन्हा धुतली, धाकटीच्या दुधाचे थोडे थेंब घेतले, वर आयोडीन टाकलं. दोघं बघत राहिली. निळं पडेना. दूध पिवळसर चमकत राहिलं.

"म्हणजे?" पाववाल्यानं विचारलं.

"म्हणजे पहिल्यापासून चांगलंच होतं," थोरली म्हणाली, आणि मग ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून खूप रडली.

शनिवारी ती सभागृहात पहिल्या रांगेत बसली. माईंनी एका नव्या आईला बोलावलं, फडकं उचललं, वाटी पुसली. थोरली उठून टेबलाशी गेली.

"माई, आधी रिकाम्या वाटीत थेंब टाका."

माईंनी मऊ हसून सांगितलं, की साक्ष दुधाची असते, रिकाम्या भांड्याची नसते, आणि शंका घेतली की थेंब रुसतात. थोरलीनं वाद घातला नाही. स्वतःची बाटली काढली आणि त्या पुसलेल्या, कोऱ्या वाटीत एक थेंब टाकला. वाटी निळीकाळी झाली. मग तिनं टेबलावरचं ओलं फडकं उचलून पसरलं आणि त्यावर बाटली उलटी केली. फडकं या टोकापासून त्या टोकापर्यंत काळंनिळं पडलं. दुसऱ्या फडक्यावर ओतलं, ते पिवळंच राहिलं.

"हे पिठाच्या पेजेत बुडवलेलं आहे," ती म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. "निळं पडत होतं ते फडक्यातलं पीठ. तुमच्या दुधात काही नाही. माझी बहीण इथे येत होती. पाजत होती आणि पाव-भात सोडला होता. ती गेली."

कुणीतरी मागून विचारलं, "मग तुम्ही अडवलं का नाही तिला?"

"मीच तिला सांगितलं, की हे खरं आहे. वाट्या तपासणं हेच माझं काम, आणि मी वाटी तपासली नाही." तिनं बाटली टेबलावर ठेवली. "मी हुशार आहे म्हणून तिनं माझं ऐकलं. तुम्ही तसं कुणाचं ऐकू नका. माझंही नको. इथे बाटली आहे, पाणी आहे, वाट्या आहेत. धुवा आणि स्वतः करून बघा. खाण्यात काही बदलायचं असेल तर तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांना उलट्या होतायत, धाप लागतेय, त्यांनी आज घरी जाऊ नका. सरळ दवाखान्यात जा."

ती नवी आई पुढे आली. तिनं एक वाटी नळाखाली धुतली, आपल्या बाटलीतलं दूध घेतलं, थेंब टाकला. पिवळं. तिच्या मागे दुसरी आली, मग चौघी-पाच जणी. काही जणी मात्र जागच्या उठल्या नाहीत, माईंकडेच बघत राहिल्या. गर्दी टेबलाभोवती जमली तशा माई मागच्या दारानं सटकल्या. पोलिसांत तक्रार दिली, तपास चालू आहे. पुढच्या महिन्यात माई दुसऱ्या गावी बसल्याचं कानावर आलं.

थोरली बाहेर आली तेव्हा पाववाला बाबागाड्यांच्या रांगेपाशी मुलीला घेऊन उभा होता. मुलीचे गाल स्वच्छ झाले होते. डॉक्टर म्हणाले होते तसं पुरळ आपोआप गेलं होतं.

घरी आल्यावर त्यानं बर्फाच्या कप्प्यातली उरलेली दुसरी बाटली काढली आणि कोमट पाण्यात धरून ठेवली. दूध वितळल्यावर थोरलीनं भाचीला मांडीवर घेतलं. पोर भुकेली होती. तिनं बाटलीला दोन्ही हात लावले आणि दूध शेवटपर्यंत प्यायली.