डावीकडून तिसरा

किल्ल्यांचा जुडगा – पोस्टकार्डाएवढ्या त्या फोटोत तोच सगळ्यांत स्पष्ट आला होता, कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला, उन्हात चकाकणारा. आणि तिला हव्या होत्या त्याही किल्ल्याच, म्हणून तिनं भिंग आधी तिथेच धरलं होतं. मग भिंग सहज वर सरकलं. पुढे आलेले कान. डावी भुवई मधोमध तुटलेली... तिनं भिंग टेबलावर उपडं ठेवलं. काही तरीच, ती मनाशी म्हणाली. तुटक्या भुवईचा काय एकच माणूस असतो जगात?

रेडिओवर ती दर रविवारी पंधरा मिनिटं विसरलेल्या गोष्टी सांगायची. कधी फुग्यात बसून नदी ओलांडायला निघालेला न्हावी, कधी मूकपटांच्या काळात पडद्यामागे घोड्याच्या टापा वाजवणारी बाई – इतिहासाच्या पुस्तकांनी ज्यांना दारात उभं केलं नाही, अशी माणसं. त्यासाठी तिनं चारेकशे म्हाताऱ्यांना बोलतं केलं होतं. या खेपेला होती एका थिएटरची गोष्ट. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी पडद्यावर आग लागलेली दाखवली, मागून कुणी तरी ‘आग, आग’ ओरडलं, आणि सगळं थिएटर बाजूच्या दाराकडे धावलं. खरी आग लागलीच नव्हती. पण फुकटे आत शिरू नयेत म्हणून त्या दाराला कुलूप घातलेलं होतं. एकोणीस माणसं चेंगरून मेली. किल्लीवाला त्याच दिवशी नाहीसा झाला.

फोटो पाठवला होता त्या थिएटरच्या जुन्या पेंटरनं. थरथरत्या अक्षरात त्यानं लिहिलं होतं – ‘किल्लीवाला डावीकडून तिसरा. नाव आठवत नाही. आम्ही त्याला भोंगा म्हणायचो. मध्यंतर संपलं की अशी आरोळी ठोकायचा, की पार नाक्यावरची माणसं चहा टाकून पळत यायची.’

भोंगा! तिला हायसंच वाटलं. तिच्या बाबांचा आवाज इतका बारीक, की त्यांचं बोलणं ऐकायला वाकावं लागायचं. जन्मात कधी ते ओरडले नव्हते. ती लहानपणी जिन्यावरून गडगडली तेव्हासुद्धा नाही. नुसतं तोंड उघडलं होतं त्यांनी, आणि आवाज – आवाज आलाच नव्हता... आणि घरातल्या एकाही दाराला कडी नव्हती. न्हाणीघराच्यासुद्धा. आई हसून म्हणायची, ‘आमच्याकडे चोर आला तर त्याला कष्ट नकोत, म्हणून!’ सगळे हसायचे. बाबाही हसायचे. सिनेमाला मात्र कधी यायचे नाहीत. डोळे दुखतात म्हणायचे.

दुपारी ती जेवायला घरी गेली. रोजच जायची. रस्ताभर ती स्वतःला बजावत होती, की काही विचारायचं नाही.

बाबा खिडकीपाशी मटार सोलत बसले होते.

“आज कुठली गोष्ट?” त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

“आहे एका थिएटरची,” ती चपला काढता काढता म्हणाली.

एक शेंग सोलून झाली. दुसरी झाली.

“चेंगराचेंगरीची?”

तिनं नुसती मान हलवली. भिंतीला हात लावून ती उभी राहिली. कुठल्याही थिएटरच्या कितीतरी गोष्टी असू शकतात – नटीच्या, उंदरांच्या, फाटलेल्या पडद्याच्या...

“किती सांगणार आहेस?”

“एकोणीस. पेपरात तेवढेच आहेत.”

“वीस.” ते खाली बघूनच बोलत होते. “एक बाई नंतर गेली, आठव्या दिवशी, दवाखान्यात. पेपरवाले तोवर दुसऱ्या बातमीकडे वळले होते. लिहून घे, नाही तर चुकीचं जाईल.”

तिनं पर्समधून वही काढली आणि खरंच लिहून घेतलं. वीस. अक्षर नीट आलं होतं, त्याचं तिला आश्चर्य वाटलं. आता बाबा तिच्याकडे बघत होते. असं बघणं तिला ठाऊक होतं. चारशे म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत तिनं ते पाहिलं होतं. अशा वेळी नुसतं गप्प बसायचं, किंवा हलकेच म्हणायचं, ‘मग?’ – एवढ्यानं माणूस उघडतो. तिचा धंदाच होता तो.

“आणखी विचार ना, बाळ,” बाबा म्हणाले.

“उशीर होतोय,” ती म्हणाली. “चारला रेकॉर्डिंग आहे.” आणि न जेवताच बाहेर पडली.

स्टुडिओत रेकॉर्डिस्टनं तिसऱ्यांदा थांबवलं. “बाई, आवाज कापतोय. पाणी घेता का?”

“नको. परत घेऊ.”

परत तेच वाक्य आलं – ‘किल्लीवाला पळून गेला, तो पुन्हा कुणालाच दिसला नाही.’ काल हे वाक्य लिहिताना ती स्वतःवरच खूश झाली होती. रविवारी बाबा रेडिओ कानाला लावून बसणार... आणि हे तिच्याच आवाजात ऐकणार. सकाळपासून तिला वाटत होतं, आपल्याला त्यांच्या उत्तराची भीती वाटते. पण उत्तर तर ते देतच होते, ओंजळीत घेऊन बसले होते. कुणी विचारेल म्हणून किती वर्षं बसले असतील? आईनं विचारलं असेल? की तीही अशीच हसून, विनोद करून उठून गेली असेल?

“पाच मिनिटं द्या मला,” ती म्हणाली.

बाहेर पॅसेजमध्ये येऊन तिनं घरी फोन लावला. घंटा वाजू लागली. बाबांना खुर्चीतून उठायला वेळ लागतो, हे ठाऊक असल्यानं ती वाट बघत राहिली – चार, पाच, सहा... आता ते भिंतीला धरून येत असतील. सातव्या घंटेला तिच्या मनात आलं, न उचलोत. झोप लागलेली असो, नाही तर... आणि त्या ‘नाही तर’च्या पुढे आपण काय इच्छिलं हे कळताच दिवसभरात पहिल्यांदाच तिला बाबांची नव्हे, स्वतःची भीती वाटली.